काडतुसाची लांबी मोजताना मी कुठे अडकलो

हँडलोडिंग (स्वतःची काडतुसं घरी भरणं) नवीन नवीन सुरू केलं तेव्हा मला लांबी मोजणं म्हणजे सगळ्यात सोपं काम वाटायचं, कॅलिपरमध्ये काडतूस धरलं, बुडापासून टोकापर्यंतचा आकडा बघितला, विषय संपला. .308 विंचेस्टरची स्टँडर्ड कमाल लांबी 2.810 इंच, मी सीटिंग डाय (बुलेट काडतुसात ठरावीक खोलीपर्यंत बसवणारं साधन) 2.800 ला लावली आणि दहा काडतुसं मोजली तर आकडे सहा-सात थाऊ वर-खाली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी). मग काय, प्रत्येक काडतुसाला डायचा स्क्रू थोडा फिरवत बसलो आणि होतं तेही बिघडवलं.

डाय बरोबरच होती हो. हॉलो पॉइंट मॅच बुलेटचं (टोकाला छिद्र असलेली, नेमबाजी स्पर्धेसाठीची गोळी) टोक कधीच एकसारखं नसतं, जॅकेट म्हणजे बाहेरचं धातूचं आवरण तिथे मिटवलेलं असतं त्यामुळे कडा खडबडीत येते. आणि डायचा स्टेम, म्हणजे बुलेटला आत ढकलणारा दांडा, टोकाला दाबतच नाही, तो बुलेटच्या उतारावर खाली बसतो. म्हणजे बुलेट नीट बसलेली असते, फक्त टोक कमी-जास्त असतं. खात्री करायची तर नुसत्या दहा बुलेट मोजून बघा, तोच फरक तिथे दिसेल.

म्हणून कॅलिपरला कम्पॅरेटर (ठरावीक भोकाचं इन्सर्ट बसवलेला जोड, ज्यात बुलेटचा उतार टेकतो) लावायचा आणि बुडापासून ओजाइव्हपर्यंत, म्हणजे बुलेटच्या गोलसर उतारापर्यंत मोजायचं, कारण बॅरलमधल्या लँड्सना (आतल्या पिळदार खाचांमधले उंचवटे) पहिल्यांदा टेकतो तो साधारण हाच भाग, टोक नाही. एकूण लांबी लागते ती काडतूस मॅगझिनमध्ये मावतं का एवढ्यापुरती, पण ती पण बघाच.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, कम्पॅरेटरचा आकडा फक्त तुमच्या इन्सर्टपुरता असतो. दुसऱ्याच्या इन्सर्टचं भोक किंचित मोठं असलं तरी तेच काडतूस वेगळं माप दाखवतं, त्यामुळे मित्राचा आकडा घेऊन स्वतःची डाय लावू नका. बुलेट बदलली की पण सगळं पहिल्यापासून, कारण उताराचा आकार बदलतो.

आणि हे फक्त ग्रुप (टार्गेटवर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) लहान करण्यापुरतं नाहीये. बुलेट लँड्सना टेकली की प्रेशर वाढतं, फारच आत बसवली तर केसमधली (काडतुसाच्या नळकांड्यातली) जागा कमी होते आणि तेव्हाही वाढू शकतं. लोडिंग मॅन्युअलमध्ये लांबी दिलेली असते ती याचसाठी, ती बदलायची तर पावडर पुन्हा कमीपासून सुरू करायची, यात मी अजिबात सूट घेत नाही.

मोजण्याआधी कॅलिपरचे जबडे पुसून झिरो करा, दर पाच-सहा काडतुसांनंतर परत बघा. दाब प्रत्येक वेळी सारखाच हलका, जोरात दाबलं की एक-दोन थाऊ सहज बदलतात.

लँड्सपर्यंतचं माप काढलं की ज्या बुलेटने काढलं तीच मी डबीत बाजूला ठेवतो, सोबत चिठ्ठीवर तारीख आणि आकडा. फायर करत गेलं की बॅरलचा थ्रोट (लँड्स सुरू होतात तिथला भाग) झिजतो आणि लँड्स पुढे सरकतात, मग काही महिन्यांनी त्याच बुलेटने परत मोजलं की किती सरकल्या ते लगेच कळतं.