जिरातला ऑटोमेशन रूल कोणाच्या नावाने चालतोय?

जिरा म्हणजे टीमची कामं आणि बग नोंदवायचं सॉफ्टवेअर. 'डन'ला गेलेला बग आपोआप टेस्टरला असाइन करणारा एक ऑटोमेशन रूल आम्ही त्यात लावला होता. मग आमच्या टीममधला एक जण नोकरी सोडून गेला आणि आठवडाभराने टेस्टर विचारायला आली, "बग 'डन'ला गेले तरी मला असाइन का होत नाहीत?" रूल तर चालूच दिसत होता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला: रूल त्या गेलेल्या माणसाच्या नावाने चालायचा आणि त्याचं खातं आयटीवाल्यांनी बंद केलं होतं.

जिरा क्लाउडमध्ये प्रत्येक रूलमागे एक खातं असतं, त्याला 'अ‍ॅक्टर' म्हणतात. त्या खात्याला जेवढं करता येतं, तेवढंच रूलला. रूल लिहिणारे तुम्ही अ‍ॅडमिन असाल, पण तुमची परवानगी रूलला आपोआप मिळत नाही.

तर आधी रूल उघडा आणि 'रूल डिटेल्स'मध्ये अ‍ॅक्टर कोण आहे ते बघा. 'ऑटोमेशन फॉर जिरा' हे अ‍ॅपचं खातं असेल तर तेच राहू द्या, ते राजीनामा देत नाही. 'ज्याने रूल ट्रिगर केला तो' असाही पर्याय आहे. पण मग फक्त कमेंटची परवानगी असलेल्या क्लायंटने ट्रिगर केला, की असाइन करताना रूल अडकतो. ओनर (रूल ज्याच्या मालकीचा तो) म्हणजे अ‍ॅक्टर नव्हे, हेही लक्षात असू द्या.

आता परमिशन स्कीम, म्हणजे प्रोजेक्टमध्ये कोणाला काय करता येईल याची यादी. वेळ जातो तो इथेच. वरच्या रूलसाठी अ‍ॅक्टरला 'ब्राउझ प्रोजेक्ट्स' आणि 'असाइन इश्यूज' या परवानग्या लागतात (बगच्या किंवा कामाच्या नोंदीला जिरात 'इश्यू' म्हणतात). शिवाय टेस्टरकडे 'असाइनेबल युजर' (तिला इश्यू सोपवता येईल अशी परवानगी) हवं, आणि नेमकं हेच विसरलं जातं. अ‍ॅपच्या खात्याला परवानग्या मिळतात त्या 'अटलासियन-अ‍ॅडऑन्स-प्रोजेक्ट-अ‍ॅक्सेस' या रोलमधून. साफसफाई करताना कुणीतरी 'हे काय भलतंच' म्हणून तो रोल काढून टाकतं आणि रूल एकामागून एक बंद पडतात. एकच स्कीम अनेक प्रोजेक्टना लावलेली असू शकते, म्हणून हात लावण्याआधी ती कुठेकुठे वापरात आहे ते पाहा.

स्कीम ठीक असूनही रूल अडला, तर इश्यू सिक्युरिटी लेव्हल, म्हणजे तो इश्यू कोणाकोणाला दिसेल ते ठरवणारी सेटिंग, तपासा. अ‍ॅक्टरला इश्यू दिसतच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. रूल स्टेटस बदलत असेल, तर वर्कफ्लोमध्ये (इश्यू एका स्टेटसमधून दुसऱ्यात कसा जाईल ते ठरवणाऱ्या क्रमात) 'फक्त असाइनीच पुढे ढकलेल' अशी अट आहे का तेही बघा.

रूलची व्याप्ती एका प्रोजेक्टपुरती ठेवलेली बरी. अनेक प्रोजेक्टवर किंवा ग्लोबल रूल लावायला जिरा अ‍ॅडमिनच लागतो.

सगळं झालं की एक खोटा बग टाकून तो 'डन'ला न्या आणि ऑडिट लॉग, म्हणजे रूल कधी चालला आणि काय झालं याची नोंद, उघडा. आम्ही तेच पहिल्या दिवशी केलं असतं तर दोन दिवस वाचले असते. तिथे परवानगीची तक्रार दिसली, तर जिरा अ‍ॅडमिनला 'परमिशन हेल्पर' उघडायला सांगा. युजर, इश्यू आणि परवानगी भरली, की घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं.

आणि कुणी नोकरी सोडून चाललं असेल, तर त्याचं खातं बंद व्हायच्या आत त्याच्या नावावरचे रूल शोधून अ‍ॅक्टर बदलून घ्या.