लिव्हिंगस्टनची कारकीर्द तक्त्यावर कशी मांडावी

नाशिकच्या शरणपूर या मिशनरी वसाहतीच्या इतिहासावर प्रकल्प करताय? मग तिथल्या शाळेतली मुलं आफ्रिकेत नेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-संशोधकासाठी तीन रकाने आखा: साल, ठिकाण आणि पगार कोणाचा. तिसरा रकाना गाळू नका. मिशनरी कुठे संपला नि सरकारी माणूस कुठून सुरू झाला, ते तिथेच कळतं. १८४१, दक्षिण आफ्रिका: लंडन मिशनरी सोसायटी. १८५७: राजीनामा. १८५८, केलिमाने (आजच्या मोझांबिकमधलं): ब्रिटिश सरकारचा कॉन्सल, म्हणजे परमुलखातला प्रतिनिधी. गाव पोर्तुगीजांच्या ताब्यातलं, म्हणून त्याला ‘गव्हर्नर’ लिहू नका.

हमखास गल्लत होते ती जेकब वेनराइटची. नाशिकच्या शाळेतली आफ्रिकी मुलं लिव्हिंगस्टनबरोबर १८६६ला आफ्रिकेत उतरली. त्याच शाळेत शिकलेला आफ्रिकी जेकब मात्र लिव्हिंगस्टनच्या मदतीला पाठवलेल्या १८७२च्या तुकडीतला. १८७३मध्ये चितांबो या आफ्रिकी मुखियाच्या गावी झाडावर लिव्हिंगस्टनच्या मृत्यूची नोंद कोरली ती जेकबनंच. ही ओळ ठळक शाईनं लिहा.