तोंड आलंय? मलम कधी आणि कसं लावायचं

तोंड आलं की घरातलं निदान ठरलेलं: ‘उष्णता झाली.’ पण पुन्हापुन्हा येणारे हे फोड बहुधा आपल्याच टी पेशींचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचे, उद्योग असतात. गाल चावला जातो, ब्रश लागतो, झोप उडते. निमित्त काहीही असो, या पेशी तिथल्या अस्तरात जमतात आणि टीएनएफ हे रसायन सोडतात. वरच्या थरातल्या पेशी मरतात, खड्डा पडतो. मग न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी धावत येतात. खड्ड्यावरची पिवळट साय म्हणजे पू नव्हे. ती खरवडू नका.

फोड दिसण्याआधी एखाद-दोन दिवस ती जागा चुरचुरते. टी पेशी तेव्हाच कामाला लागलेल्या असतात, म्हणून मलम तेव्हाच सुरू करायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीने ट्रायॲमसिनोलोन (हे स्टिरॉइड आहे) ०.१ टक्का, तोंडात लावायची पेस्टच आणा; त्वचेचं मलम चालणार नाही. जेवणानंतर चूळ भरा, कापसाच्या बोळ्याने जागा टिपून कोरडी करा आणि मुगाएवढी पेस्ट नुसती टेकवा. चोळलीत तर ती रवाळ होऊन सुटते, आणि ‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार बहुतेक इथूनच येते. अर्धा तास खाणंपिणं नको. दिवसात २-३ वेळा, त्यातली एक झोपताना. रात्री लाळ कमी सुटते, पेस्ट टिकते.

लावण्याआधी जागा मात्र बघा. हे फोड ओठ-गालाच्या आत, जिभेखाली, मऊ भागावर येतात. हिरडीवर किंवा कडक टाळूवर बारीक पुळ्यांचा घोस असेल तर नागीण कुळातला विषाणू, हर्पीस, असू शकतो. त्यावर स्टिरॉइड नको. पेस्ट लावता लावता तोंडात पुसलं जाणारं पांढरं दही दिसलं, तर ती बुरशी.

दर महिन्याला फोड येत असतील तर रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि फोलेट (आणखी एक ‘ब’ जीवनसत्त्व) तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं. सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) नसलेली टूथपेस्ट २-३ महिने वापरून पाहा. सगळ्यांना नाही, पण काहींना चांगलाच फरक पडतो. सोबत डोळे लाल, गुप्तांगावरही फोड, किंवा सतत जुलाब असतील तर मलमावर वेळ घालवू नका, फिजिशियनकडे जा.

साधा फोड १०-१४ दिवसांत भरतो. ३ आठवडे उलटले, कडा टणक लागतेय आणि मिश्री, तंबाखू किंवा गुटखा चालू असेल, तर दुखत नसला तरी बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्या.