कोप्यांवरच्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून माणसं ट्रक-ट्रॅक्टर भरभरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. सोबत मुलंही असतात. साखर कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच त्यांचं गाव. अशाच एका तळावर आम्ही चारपाच जण काही हंगाम संध्याकाळचा वर्ग घेतोय. पहिल्या हंगामात जवळपास सगळंच चुकलं. तुम्ही या कामाला निघाला असाल तर निदान आमच्या चुका परत करू नका.

भाषणानं सुरुवात

पहिल्या दिवशी आम्ही दिव्याखाली शिकून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. मुलं मुकाट ऐकत होती. मग नेहमीचा प्रश्न आला, मोठेपणी काय होणार? दहाएक वर्षांचा एक पोरगा म्हणाला, "मुकादम." म्हणजे तोडणी मजुरांची टोळी जमवून आणणारा. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. "अरे, कलेक्टर हो की!" पोरानं मान खाली घातली आणि आठवडाभर फिरकला नाही.

त्याचं काय चुकलं होतं? त्याच्या जगात वही-पेन घेऊन बसणारा, मोटारसायकलवरून येणारा, ज्याच्यासमोर बापाचा आवाज खाली येतो असा माणूस एकच. कलेक्टर त्यानं पाहिलाच नव्हता.

पुढच्या हंगामात तीच टोळी परत आली. या वेळी आम्ही विचारलं, मुकादमाच्या वहीत काय असतं रे? तोडणीचा दर 2024 च्या जानेवारीत टनाला 366 रुपये ठरला होता. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं धरलं. दिवसाचे 732. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, एक लाख. 120 दिवसांत किती फिटली? पोरानं काडीनं मातीत गुणाकार मांडला. 87,840. बाकी 12,160. पुसून पुन्हा केला, तेवढेच आले. मग उठला आणि बापाला हाताला धरून घेऊन आला. बाप बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत उभा होता. खाडा, म्हणजे कामाचे बुडालेले दिवस, धरला तर बाकी किती वाढेल, हे त्यानंच पोराला विचारलं. गुणाकार शिकवायला याहून बरं उदाहरण आम्हाला नंतरही सापडलं नाही.

इयत्ता बघून पुस्तक उघडणं

पाचवीतला मुलगा पाचवीचंच वाचेल, हे गृहीत धरू नका. 'असर' या शिक्षण पाहणीच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सफाईनं वाचता आला नव्हता. इथे तर अर्धं वर्ष शाळा बुडालेली. एकेकाला बाजूला घेऊन एक परिच्छेद वाचून घ्या, कुठे अडतोय ते टिपा आणि त्यावरून गट करा. कोण कुठल्या गटात आणि का, हे चारचौघांत बोलू नका. बारा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्यांबरोबर बसायची लाज वाटते. त्याला हजेरी घ्यायचं काम द्या. नावं वाचता वाचता जोडाक्षरं सुटतात.

"भावाला ठेवून ये"

सहावीतली एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडला की वर्ग थांबायचा. मीच तिला म्हटलं, उद्यापासून याला ठेवून ये. ठेवणार कुणापाशी? आई-बाप पहाटे तीन-चारला फडात जायचे, रात्री आल्यावर चूल. दुसऱ्या दिवसापासून मुलगीच आली नाही. आम्ही वहीत "अभ्यासात रस नाही" असं लिहूनही टाकलं होतं, आता वाचताना कसंतरी होतं. शेवटी बाभळीला लुगड्याची झोळी बांधली, तेव्हा ती परत आली. येताना आणखी दोघींना घेऊन आली, तीही पोरांसकट.

संस्कार म्हणजे उपदेश

आमच्यातल्या एकानं दारूवर चांगलं तासभर व्याख्यान दिलं. एका मुलानं ते त्याच रात्री बापाला ऐकवलं आणि मार खाल्ला. मुलाला घराविरुद्ध उभं केलं की आपण सात वाजता निघून जातो, त्याला मात्र तिथेच झोपायचं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. जात मानू नये हा धडा ताटातच वाढलेला. आपल्याला एवढं जमत नसेल तर निदान सहा म्हणजे सहाला पोचावं. सहलीचं कबूल केलं तर न्यावं. आणि वह्या वाटताना फोटो काढू नये. घेणाऱ्या मुलाचा चेहरा एकदा नीट बघा, कारण विचारावं लागणार नाही.

कागद मागाहून बघू

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. तळाजवळच्या एका शाळेनं दाखल्याशिवाय घेणार नाही म्हणून मुलं परत पाठवली होती. शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. भांडू नका, कलम 4 आणि 5 ची प्रत नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. गावातून निघतानाच शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, घेतलं असेल तर तेवढाही त्रास वाचतो.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरची मुलं ती देऊ शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000. पण अर्ज मूळ शाळेतून जातो आणि परीक्षा ऐन हंगामात येते. म्हणजे तयारी तळावर सुरू करून उपयोग नाही. पावसाळ्यातच गावी जाऊन शिक्षकांना भेटावं लागतं, आणि परीक्षेपुरतं मूल मागे कुणाकडे राहील तेही तेव्हाच ठरवावं लागतं.

झोळीवाली मुलगी यंदा आठवीत आहे. शाळेच्या नोंदीत तिचं आडनाव एक, आधारवर दुसरंच. ते एक करून घ्यायचंय, म्हणून पुढच्या आठवड्यात तिच्या आजीबरोबर तालुक्याला चाललोय.