जुन्या वास्तूला संरक्षण हवंय? अर्जातल्या या चुका टाळा

गोव्यात गावातलं जुनं देऊळ, वाडा किंवा तळी संरक्षित यादीत यावी म्हणून धडपडणारी माणसं इतिहासावर पानंच्या पानं लिहितात. फाइल मात्र बहुतेक वेळा सर्व्हे नंबरावर अडते. म्हणून इतिहासाइतकाच वेळ जमिनीच्या कागदांना द्या.

आधी खातं नीट ओळखा. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर १९५८च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. नार्व्याचा सप्तकोटेश्वर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, १९७८च्या गोव्याच्या कायद्याखाली. पणजीतल्या फोंताईन्हाससारख्या जुन्या वस्तीतल्या घरांचा विषय नगरनियोजन खात्याकडे, संवर्धन समितीसमोर जातो. सगळीकडे एकच पत्र धाडलं तर प्रत्येक टेबलाला ते दुसऱ्याचं वाटतं.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपला सातबारासारखा जमिनीचा उतारा, जोडला की मालकीचा प्रश्न मिटला, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. उताऱ्यावर कबजेदाराचं नाव असतं, तेही पुष्कळदा वारलेल्या आजोबांचं. आपल्याकडच्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे समान मालक ठरतात. मुलींचा वाटाही मुलांइतकाच. तेव्हा थोरल्या भावाच्या एका सहीवर अर्ज करू नका. मुंबईची आत्या, लिस्बनचा चुलतभाऊ, सगळ्यांना आधी कळवा. ज्याला विचारलं नाही तोच पुढे हरकत घेतो. शिवाय घर एकाचं आणि जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, किंवा आवारात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचं, घर, असंही असतं. ते अर्जात लपवू नका. देवळासाठी महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांच्या, समितीचा ठराव हवाच.

काळ लिहिताना देवाचं वय आणि वास्तूचं वय वेगळं ठेवा. सप्तकोटेश्वर कदंब राजघराण्याचा कुलदेव, पण नार्व्याचं मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारलं आणि तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. केंद्रीय कायद्यात वास्तू किमान १०० वर्षं जुनी असावी लागते, त्यामुळे पुरावा बांधकामाचाच लागतो. नुसतं ‘पोर्तुगीजकालीन’ लिहून भागत नाही. तो काळ १५१० ते १९६१ असा साडेचारशे वर्षांचा आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात जुने दस्तऐवज आहेत, तिथे जाऊन शोधाच. छपरावर मंगळुरी कौलं असतील तर ते छप्पर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचं नाही. सभामंडपात नवी फरशी घातली असेल, चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट चढलं असेल, तर तेही लिहा. पाहणीला येणारा अधिकारी ते बघणारच.

फोटो चारही बाजूंचे, तारखेसह; त्यांवर सर्व्हे नंबर आणि उपविभाग लिहा.

शेजाऱ्यांशी खरं बोला. संरक्षित झाल्याने खासगी वास्तूची मालकी आपोआप सरकारकडे जात नाही. केंद्रीय कायद्यात मालकाशी करार करण्याची तरतूद आहे. पण केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही. हे त्यांना राजपत्रातून कळलं तर विरोध होणारच. त्याच कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतींसाठी दोन महिने मिळतात. त्या काळात उत्तरांसाठी मूळ कागद हाताशी ठेवा, आणि अर्ज देतानाच पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या.