प्लँट सॅम्पलिंगच्या आदल्या दिवशी

उद्या खनिज धुण्याच्या प्लँटमध्ये जागोजागचे नमुने घ्यायचेत, तर बादल्या, झाकणं, गमबूट हे सांगत बसत नाही. टॅग मात्र सांगतो. प्लॅस्टिकचे घ्या आणि पक्क्या शाईचा मार्कर घ्या, साध्या पेनाचं लिहिलेलं लाल पाण्यात धुऊन जातं. टॅगवर आधी यंत्राचं नाव, मग प्रवाहाचं. नुसतं 'अंडरफ्लो' लिहायचं नाही.

गोव्यात लोहखनिज धुण्याच्या एका प्लँटवर मी तेच केलं होतं. प्रायमरी सायक्लोन, सेकंडरी सायक्लोन (पाणी गरगर फिरवून भरड-बारीक वेगळं करणारे शंकू), थिकनर (गाळ खाली बसवणारी टाकी), तिघांच्याही पिशवीवर 'यूएफ', म्हणजे अंडरफ्लो. ओव्हनमधून काढल्यावर तीन ट्रेमध्ये तीच लाल माती. थिकनरची पिठासारखी होती, ती ओळखली. उरलेल्या दोन लोहाच्या टक्क्यांवरून ठरवू म्हणालो, तर साहेब म्हणाले, "अरे, जे मोजायचंय त्यावरूनच नाव लावणार?" पुन्हा सगळं सॅम्पलिंग.

अंडरफ्लो म्हणजे खालून निघालं, एवढंच. सायक्लोनखालून येतो तो भरड, जड, आपला माल. थिकनरखालून येतो तो टेलिंग पाँडला, म्हणजे टाकाऊ मालाच्या तळ्याला जाणारा गाळ. ओव्हरफ्लोची तीच गत. सायक्लोनचा म्हणजे चिकणमातीचं गढूळ पाणी, थिकनरचा म्हणजे परत वापरायचं निवळ पाणी. म्हणून म्हणतो, यंत्राचं नाव.

फीड, म्हणजे आत जाणारा माल, कुठलं, तेही ठरवून जा. एखादा प्रवाह परत पंपाच्या टाकीत येत असेल, तर टाकीत पडणारं ताजं फीड वेगळं आणि सायक्लोनमध्ये शिरणारं वेगळं. आदल्या रात्री फ्लोशीटवर, म्हणजे प्लँटच्या प्रवाहांच्या नकाशावर, सॅम्पलच्या जागा गोल करून ठेवा. आतल्या आत फिरणारे मिडलिंग्ज (धड माल नाही, धड टाकाऊ नाही असा मधला भाग) प्लँटच्या बेरजेत धरू नका.

समजा फीड 50 टक्के लोहाचं, कॉन्सन्ट्रेट (आपला माल) 60, टेलिंग (टाकाऊ) 35. म्हणजे 100 टनांतून 60 टन माल, रिकव्हरी (फीडमधलं किती लोह मालात आलं) 72 टक्के. टेलिंगच्या जागी भलत्याच पिशवीचा 45 बसला की तीच रिकव्हरी 40. एका टॅगचा प्रताप! हे टन कोरडे बरं का, बेल्टवरचा काटा ओलं वजन दाखवतो. तेव्हा ओलाव्याचं सॅम्पल वेगळं, झाकण घट्ट.

बाकी नेहमीचंच. प्लँट स्थिर झाल्यावर सुरुवात, पूर्ण धार कापायची (बादली धारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायची), बादलीचं ओलं वजन तिथल्या तिथे. गाळणं, 105 अंशांवर सुकवणं, रिफलर (नमुना सारखा वाटून लहान करणारी पेटी), लॅब. पिशवीतून ट्रेमध्ये ओतताना टॅगही ट्रेमध्ये. यंत्राच्या नावासकट.