बॅकअपची हार्डडिस्क दगा देतेय? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता बहुतेक फोटो स्टुडिओत, मंडळाच्या कपाटात आणि कितीतरी घरांत एक्स्टर्नल हार्डडिस्क असते. लग्नांचे व्हिडिओ, शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग, कडोलीच्या साहित्य संमेलनातली भाषणं तिच्यात असतात. काहींनी घरातले जुने दस्तही स्कॅन करून ठेवलेत. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या काळचे मराठी आणि त्याआधीचे मोडी कागद. यातलं बरंचसं पुन्हा कुठून मिळणार नाही. डिस्क मात्र बाजारात कधीही नवी मिळते. म्हणून ती कधी दिसते, कधी दिसत नाही असं व्हायला लागलं, की पहिला विचार डिस्क दुरुस्त करण्याचा नको. आतला डेटा बाहेर कसा काढायचा, हे आधी ठरवा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

केबल न तपासता डिस्कला दोष देणे

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबीवरच चालते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर करंट मिळतो, ३.० मधून ९००. आतली तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी डिस्क याहूनही जास्त ओढू शकते. तेवढा करंट मिळाला नाही तर ती सुरू होते, बंद पडते, परत सुरू होते. कधी टिकटिकही ऐकू येते आणि ‘डिस्क गेली’ असं वाटून जीव खालीवर होतो.

तेव्हा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा जोड, काढून टाका. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला डिस्क लावा. केबल बदलून बघा, पण कपाटात सापडली ती लांबलचक, बारीक केबल नको. आखूड आणि चांगली घ्या. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना चपट्या, रुंद तोंडाची मायक्रो-बी केबल लागते. ते तोंड लवकर सैल होतं आणि नुसता धक्का लागला तरी डिस्क ‘निघून’ जाते. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, तिथे अडॅप्टरच कमजोर झालेला असू शकतो.

दोष केबलचा की डिस्कचा, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम विंडोजवर डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, दाखवतो. त्यात सी७ ही ओळ बघा. तो आकडा वाढत असेल तर डेटा वाटेत खराब होतोय, म्हणजे संशय केबल-कनेक्टरवर. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्यापेक्षा जास्त आकडा असेल आणि तो दर आठवड्याला वाढत असेल, तर तबकडीवरच्या जागा खराब होत चालल्या आहेत. अशा डिस्कवर नवं काही ठेवू नका. हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत दिसतात. सेटिंग बदलून नेहमीच्या दशमान आकड्यांत आणा, नाहीतर वाचताना घोळ होतो. काही डिस्कचा यूएसबी बोर्ड ही नोंद बाहेर देतच नाही, तेव्हा नोंद दिसली नाही म्हणजे डिस्क ठणठणीत, असं समजू नये.

‘फॉर्मॅट करा’ म्हटलं की फॉर्मॅट करणे

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. डिस्क जोडल्यावर विंडोज विचारतं, ‘वापरण्याआधी फॉर्मॅट करायची का?’ याचा अर्थ एवढाच, की फाइलींची यादी विंडोजला वाचता आली नाही. फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात. ‘कॅन्सल’ दाबा. क्विक फॉर्मॅटमध्ये नुसती यादी नव्याने लिहिली जाते, त्यातून काहीतरी परत मिळू शकतं. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट सगळीकडे शून्यं लिहितो. त्यानंतर कोणत्याही लॅबच्या हातात काही उरत नाही.

चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच. जवळच्या जाणकाराने सांगितलं म्हणून /एफ, /आर हे पर्याय लावून ते चालवलं जातं. हा प्रोग्रॅम फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची यादी आणि मांडणी, सरळ करतो, तुमचे फोटो वाचवणं हे त्याचं काम नाही. जुळत नाहीत ते तुकडे तो ‘फाउंड’ फोल्डरमध्ये .सीएचके नावाने टाकतो. मग कोणता तुकडा कोणत्या लग्नाचा, हे कुणी शोधायचं? शिवाय /आर संपूर्ण डिस्क वाचून काढतं. तबकडी आधीच खराब होत असेल तर या ताणानेच ती कायमची बसू शकते.

योग्य वाट अशी. डिस्क अजून दिसत असेल तर सर्वांत मोलाच्या फाइली आधी दुसरीकडे कॉपी करा, संपूर्ण डिस्क एकदम नको. कॉपी वारंवार अडकत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरा किंवा ते येणाऱ्याकडून करून घ्या. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अवघड जागा शेवटाला ठेवतं आणि कुठवर वाचलं याची नकाशा-फाइल ठेवली तर काम थांबलं तिथूनच पुढे चालू करतं. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत उतरवा आणि चेकडिस्क, रिकव्हरीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

खडखडाट ऐकूनही पुन्हा पुन्हा लावणे

केबल बदलली, चांगला पोर्ट दिला, तरी ठरावीक लयीत टकटक येत असेल किंवा डिस्क पडल्यानंतर घासल्यासारखा आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. वाचणारं हेड तबकडीच्या काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते टेकलं की दर फेरीला पृष्ठभाग खरवडतं. फ्रीझरमध्ये ठेवणे, हाताने ठोकणे, झाकण उघडून बघणे यातलं काही करू नका. काही डिस्कमध्ये यूएसबीचा बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करतो, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवतो. ती आतली डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घातली तर चांगला डेटाही वाचता येत नाही.

लाईट आणि पाऊस विसरणे

कॉपी चालू असताना लाईट गेली तर एक्सफॅट फॉर्मॅटची डिस्क जास्त अडचणीत येते, कारण एनटीएफएस या विंडोजच्या फॉर्मॅटसारखी जर्नल नोंद, म्हणजे चालू बदलांची वही, तिच्यात नसते. फक्त विंडोजवरच वापरत असाल तर नवी डिस्क एनटीएफएसमध्येच ठेवा आणि बॅकअप यूपीएसवर घ्या. उन्हाळ्यातला वळीव विजा घेऊन येतो, तेव्हा डिस्क जोडून ठेवू नका. जांबोटी-कणकुंबीकडे तर पावसाळाभर कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात. तिथे डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. ‘सेफली रिमूव्ह’ची सवय लावून घ्या, एवढं पुरे.

नसलेला दोष शोधत बसणे

सुरुवातीला जोरात चाललेली कॉपी काही वेळाने अगदी मंदावली, तर डिस्क खराबच असेल असं नाही. अनेक स्वस्त पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीने, म्हणजे लिहिण्याच्या रेषा एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. मोठं काम एकदम दिलं की त्या हळू होतात, थोडा वेळ दिला की सावरतात.

दुसरी गोष्ट आपल्या भागात फार होते. छापखान्याची किंवा शाळेची जुनी फाइल उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि डिस्कने फाइल खाल्ली असं वाटतं. फाइल बहुधा शाबूत असते. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसतो. नुडीमधल्या कन्नड फाइलींचंही हेच. म्हणून बॅकअपमध्ये फॉन्टचं फोल्डर ठेवा, शक्य तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि महत्त्वाच्या कागदाची पीडीएफ जोडा.

‘मूव्ह’ करून त्याला बॅकअप म्हणणे

लॅपटॉप भरला म्हणून फोटो कट करून डिस्कवर टाकले, तर प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. मंडळाची तिसरी प्रत दुसऱ्या गल्लीतल्या कार्यकर्त्याकडे किंवा क्लाउडवर चालेल. दर दोन-तीन महिन्यांनी मधल्याच चार फाइली उघडून बघा, व्हिडिओ मध्यापासून चालवा. नावं दिसतात म्हणून आत सगळं ठीक आहे असं नसतं.

आणि लॅबकडे पाठवायची वेळ आलीच, तर पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: डिस्क क्लीन बेंचवर, म्हणजे धूळमुक्त हवेच्या टेबलावर उघडतात का, तपासणीची फी किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती पैसे घेतात. डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती जाड फोम देऊन पॅक करा. सोबत चिठ्ठी द्या: आवाज कधीपासून येतोय, पडली होती का, आतापर्यंत कोणते प्रोग्रॅम चालवले आणि कोणते फोल्डर सर्वांत आधी हवेत.